शेडमधल्या एमजीची किंमत सांगण्याआधी

घरात एखादी जुनी दोन आसनी स्पोर्ट्स गाडी वर्षानुवर्षे बंद पडून असेल आणि आता ती विकायची ठरली असेल, तर माझी पहिली विनंती अशी: किंमत अजून कुणालाच सांगू नका. शेजाऱ्याला नाही, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला नाही, आणि ‘माझ्या ओळखीत एक गिऱ्हाईक आहे’ म्हणणाऱ्या भाच्यालाही नाही. जुन्या गाड्यांचे जग फार लहान आहे. मुंबईत सकाळी बोललेला आकडा संध्याकाळी पुण्या-कोल्हापुरात पोचलेला असतो. एकदा बाहेर पडलेल्या आकड्याच्या वर मग कुणी जात नाही.

हे लिहायला बसलो, कारण दोन प्रकारचे नुकसान सतत पाहण्यात येते. नवरा गेल्यावर एखाद्या काकूंना गॅरेज रिकामे करायचे असते. ‘चालत नाही, लोखंडाच्या भावाने नेतो’ असे सांगून कुणीतरी गाडी उचलतो आणि ती दोन-तीन हात फिरून कितीतरी पटींनी विकली जाते. दुसरीकडे, परदेशातल्या लिलावाचा आकडा रुपयांत करून तोच धरून बसलेली घरे असतात. गिऱ्हाईक येते, आकडा ऐकते, चहा पिऊन जाते. दर पावसाळ्याला गाडी आणखी कुजते, आणि शेवटी ती खरोखरच लोखंडाच्या भावाची होते. पहिल्या प्रकारात पैसा चुकीच्या माणसाकडे जातो, पण गाडी निदान वाचते. दुसऱ्यात पैसाही जातो आणि गाडीही. म्हणून मला दुसऱ्याचे दुःख जास्त आहे.

बोलणे नेमके व्हावे म्हणून इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन कारखान्यात बनलेल्या एमजी ‘टी’ मालिकेचे उदाहरण घेतो. आपल्याकडे शेडमध्ये सापडणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांत या नेहमी असतात. टीसी १९४५ ते १९४९ या काळातली, सुमारे १०,००० बनल्या. टीडी १९४९ ते १९५३, जवळजवळ ३०,०००, आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. टीएफ १९५३ ते १९५५, सुमारे ९,६००. स्वतंत्र भारतात १९५० च्या दशकात परदेशी गाड्यांची आयात फार आवळली गेली, त्यामुळे आपल्याकडे या गाड्या मोजक्याच राहिल्या. तुमची गाडी ट्रायम्फ असो की ऑस्टिन-हीली, किंमत काढण्याची रीत हीच.

आधी गाडी नेमकी कोणती आहे ते पक्के करा. घरात ‘बाबांची एमजी’ एवढेच माहीत असते. टीसीला पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि उंच, तारांची चाके असतात. टीडीची चाके लहान आणि साधारणपणे पोलादी पत्र्याची, पुढे स्प्रिंगचे स्वतंत्र सस्पेन्शन. टीएफचे पुढचे दिवे मडगार्डात सामावलेले दिसतात आणि तिचे नाक मागे कललेले असते. पण नुसत्या दिसण्यावर जाऊ नका, नंबर पाहा. चासी नंबर पुढच्या बाजूला चासीवर ठोकलेला असतो, इंजिनाचा नंबर आठकोनी पितळी पट्टीवर. घासलेटाने भिजवलेल्या फडक्याने पुसा, पण तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवू नका. नंबर पुसट झाला की त्याबरोबर विश्वासही पुसट होतो. टीसी आणि टीडीचे नंबर ०२५१ पासून सुरू झाले, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. त्यामुळे त्याहून लहान नंबर दिसला तर तो पुन्हा तपासा. दोन्ही नंबर स्वच्छ फोटोत घ्या आणि आरसी बुकाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. शंका राहिली तर १९३० साली स्थापन झालेला इंग्लंडमधला एमजी कार क्लब आजही आहे, आणि त्यात टी मालिकेच्या गाड्यांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे पत्र पाठवून विचारता येते.

आता इंजिन. या गाड्यांचे मूळ इंजिन १२५० सीसीचे, एक्सपीएजी नावाचे (शेवटच्या काही टीएफना १४६६ सीसीचे होते). सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा आपल्याकडच्या मिस्त्रींनी गाड्या चालू ठेवण्यासाठी हाताला लागेल ते इंजिन बसवले. बहुधा अ‍ॅम्बॅसेडरचे किंवा फियाटचे. त्या मिस्त्रींना मी दोष देत नाही, त्यांच्यामुळेच या गाड्या आपल्यापर्यंत आल्या. पण किमतीत याने मोठा फरक पडतो, आणि केवळ शौकिनांच्या हट्टामुळे नव्हे. त्याचे कायदेशीर कारण पुढे कागदपत्रांत येईल. तुमच्या गाडीत दुसरे इंजिन असेल तर एक काम लगेच करा: मूळ इंजिन शोधा. जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, गावच्या घराच्या गोठ्यात, त्या वेळच्या मिस्त्रीच्या मुलाकडे. गंजलेले, जाम झालेले असले तरी ते त्या गाडीचे आहे. ते मिळाले तर गाडीच्या किमतीत जी भर पडते, ती नव्या रंगाने कधीच पडत नाही.

तसेच शेड रिकामी करण्याआधी, भंगारवाल्याला आत बोलावण्याआधी, प्रत्येक खोका उघडून पाहा. चाकांच्या टोप्या, बाजूचे दिवे, जॅक, पाने, घड्याळाच्या काचा, मूळ एसयू कार्बोरेटर, कापडी टपाचा सांगाडा, दाराला लावायचे पडदे. आपल्याला कचरा वाटणारा पितळी तुकडा घेणाऱ्याला इंग्लंडहून मागवावा लागतो, त्यावर कस्टम ड्यूटी भरावी लागते आणि महिनाभर वाट पाहावी लागते. या गाड्यांचे सुटे भाग आजही नवे बनतात हे खरे, पण ते घरात आधीच आहेत आणि त्याच गाडीचे आहेत, याला वेगळे मोल आहे. कुणी येऊन ‘गाडी राहू द्या, फक्त स्टीअरिंग आणि दिवे देता का’ असे विचारले, तर नको म्हणा. एकेक भाग विकून हाती येते ते थोडे, आणि उरलेल्या गाडीचा भाव त्याच्या कितीतरी पट खाली येतो. अपुरी गाडी पाहिली की घेणारा घाबरतो, कारण आणखी काय काय नाही ते त्याला कळत नाही.

आता गाडीच्या तब्येतीकडे. लोक पत्र्यावरचा गंज पाहतात आणि हळहळतात. एमजीच्या बाबतीत मी आधी लाकूड पाहायला सांगेन. या गाड्यांच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा असतो आणि पत्रा त्यावर बसवलेला असतो. इंग्लंडात त्याला ओल खाते, आपल्याकडे ओलीबरोबर वाळवीही खाते. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या समुद्राकाठी, मातीच्या जमिनीवर उभी असलेली गाडी बाहेरून धड दिसते आणि दार उघडले की दार हातात लोंबते. बिजागरीजवळ, दाराच्या खांबापाशी, पायाखालच्या फळीच्या कडेला जाड सुईने किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टोचून पाहा. टणक लागले तर त्याचा व्हिडिओ करा. भुसभुशीत लागले तरी करा. लाकूड शाबूत असल्याचा पुरावा तुमच्या बाजूने बोलतो, आणि गेलेले असेल तर ते आधीच सांगितल्याने बाकीच्या गोष्टींवर तुमचा शब्द ग्राह्य धरला जातो.

उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असणार आणि गाद्यांत घर केलेले असणार, हे गृहीत धरा. त्याचे घेणाऱ्याला फार वाटत नाही, ते तसेही बदलावे लागते. पेट्रोलच्या टाकीत लाखेसारखा चिकट थर असतो. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे चाकांतले ब्रेक सिलिंडर जाम होतात. हा खर्च ठरलेला आणि आवाक्यातला असतो. महाग असते ते लाकूड, कुजलेला पत्रा, फुटलेला इंजिन ब्लॉक आणि अपुरेपणा.

आणि कृपा करून गाडी ‘एकदा स्टार्ट करून’ पाहू नका. दिवाळीला घरी आलेला उत्साही पुतण्या नवी बॅटरी लावतो, टाकीत पाच लिटर टाकतो आणि स्टार्टर मारतो. कोरड्या सिलिंडरात चिकटलेल्या पिस्टन रिंगा त्या एका झटक्यात तुटतात, आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन पूर्ण उघडण्याजोगे होऊन बसते. त्याऐवजी जाणत्या मिस्त्रीला बोलवा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे पातळ ऑइल सोडायचे, आठवडाभर थांबायचे, मग हँडलने हळूच फिरते का ते पाहायचे. फिरले तर उत्तम. नाही फिरले तर तिथेच थांबायचे. मिस्त्रीला एवढे मात्र आधी सांगा की या इंजिनाच्या बोल्टचे आटे मेट्रिक आहेत आणि डोकी व्हिटवर्थ पान्याच्या मापाची. हे माहीत नसलेला माणूस दिसेल तो नट जबरदस्तीने बसवतो आणि ब्लॉकमधले आटे घालवतो.

विकण्याआधी दुरुस्ती करावी का, हा प्रश्न सगळे विचारतात. माझे मत स्पष्ट आहे: डेंटिंग-पेंटिंग करू नका. बंद गाडीवरचा ताजा रंग पाहिला की जाणकाराला पहिला प्रश्न पडतो तो ‘खाली काय लपवले?’ हा. तुम्ही घातलेले पैसे तो धरत नाही, उलट तो रंग खरवडून काढण्याचा खर्च मोजतो. करायचेच असेल तर इतके करा: चाके मोकळी करा, टायरमध्ये हवा टिकेल अशी सोय करा, म्हणजे गाडी ढकलून उजेडात आणता येईल. जुने पेट्रोल काढून टाका. धूळ मऊ कुंच्याने आणि व्हॅक्युमने काढा, पाण्याचा पाइप मारू नका. मग दिवसा, बाहेर, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. खालूनही काढा. गंज दिसला पाहिजे.

आता आकडा. मी इथे रुपये सांगत नाही, कारण तुमची गाडी मी पाहिलेली नाही आणि न पाहता सांगितलेला आकडा म्हणजे फसवणूक. हिशेबाची रीत सांगतो. तुमच्याच मॉडेलची, चालू, टणक, मूळ इंजिनाची आणि स्वच्छ कागदांची गाडी आपल्याकडे ज्या भावाला खरोखर विकली गेली, त्याला १०० धरा. ‘मागितली’ आणि ‘विकली’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याची आशा असते, आणि जी गाडी तीन वर्षे त्याच आकड्याला जाहिरातीत दिसते आहे ती त्या किमतीची नाही एवढेच त्यातून कळते. विकले गेल्याचे आकडे माणसांकडून कळतात. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या क्लबांच्या सभासदांकडून, रॅलीत गाड्या आणणाऱ्यांकडून, जुन्या गाड्यांची कामे करणाऱ्या गॅरेजांकडून. किमान तिघांना विचारा, आणि त्या तिघांपैकी तुमची गाडी घेऊ इच्छिणारा एकही नको. जो घेणार आहे त्याच्याकडून मूल्यांकन कधीही करून घेऊ नका, तो कितीही सज्जन असला तरी.

मग त्या १०० मधून वजा करायला लागा. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. समजा लाकूड आणि पत्रा यांना २०, इंजिनाला १५, ब्रेक-वायरिंग-टायरना १०, क्रोम-गाद्या-टपाला १०. हे झाले ५५. त्यात घेणाऱ्याची जोखीम येते. त्याचे पैसे दोन-तीन वर्षे अडकणार, उघडल्यावर आणखी काही निघणार. तिला १५ धरा. उरले ३०. ‘थोडे काम केले की नवी होईल’ असे म्हणत घरच्यांनी मनात ८० धरलेले असतात, तिथे खरा आकडा हा असा निघतो. ऐकायला कडू आहे, पण गिऱ्हाईक घरी येण्याआधी हाच हिशेब करून येते.

यातच तुमच्या फायद्याची गोष्टही आहे. इंजिन हाताने मोकळे फिरते हे दाखवता आले, तर १५ चे ७ होतात. लाकडाचा व्हिडिओ, नंबरांचे फोटो, पूर्ण कागद समोर ठेवले तर जोखमीचे १५ उतरून ८ होतात. आता बेरीज करा: ३० ची गाडी ४५ ची झाली, आणि तुम्ही रंगाचा एक डबाही विकत आणला नाही. अज्ञाताचा दंड घेणारा नेहमी तुमच्याकडून वसूल करतो. तो कमी करणे तुमच्या हातात आहे, आणि वेळ घालवायचा तर इथे घाला.

याच हिशेबातून एक कठोर सत्यही निघते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या नावाप्रमाणे कमी होत नाही. क्रोम चढवणाऱ्याला बंपर जग्वारचा की मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचा याने फरक पडत नाही. चालू स्थितीत १०० ऐवजी ४० मिळवणाऱ्या गाडीलाही काम ५५ चेच असते. अशा गाडीची किंमत हिशेबाने शून्याखाली जाते. तिला घेणारा असतो तो फक्त तिच्यावर जीव असणारा. ती गाडी तुमच्याकडे असेल तर आकड्यासाठी अडून बसू नका, ती चालवू पाहणारा तरुण हुडका आणि त्याला परवडेल त्या भावात द्या. पण तोडायला देऊ नका.

परदेशी लिलावांबद्दल बोलणे भागच आहे, कारण बिघाड तिथून सुरू होतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांच्या गॅरेजात अनेक दशके उभी असलेली १९३७ ची बुगाटी ५७ एस पॅरिसच्या लिलावात सुमारे ३४ लाख युरोंना गेली. २०१५ मध्ये पॅरिसलाच, फ्रान्समधल्या बायों कुटुंबाच्या शेडमध्ये जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. बातम्या खऱ्या आहेत. पण ती फेरारी पूर्वी अभिनेते आलें दलों यांच्याकडे होती, आणि तशा गाड्या मुळातच अगदी थोड्या बनल्या होत्या. त्याच शेडमधल्या, सर्वसाधारण नावाच्या गाड्यांची छायाचित्रे तुम्हाला कुणी पाठवत नाही. शिवाय लिलावाच्या छापील आकड्यात बहुधा लिलाव कंपनीचे कमिशनही धरलेले असते. ते विकणाऱ्याला मिळत नाही.

पौंडांचे रुपये करून चालत नाही याचे आणखी एक कारण आहे. तुमची गाडी तिथे नेऊन विकणे सरळ नाही. १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींच्या निर्यातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत, त्यासाठी परवाना लागतो. सगळ्या टीसी त्यात येतात. म्हणजे तुमचे गिऱ्हाईक इथलेच असणार. इथे गाड्या थोड्या आहेत, तसे पैसे, जागा आणि धीर हे तिन्ही असलेले लोकही थोडेच आहेत. किंमत त्यांच्यात ठरते.

कागदांकडे येतो, आणि इथे मी थोडा आग्रही होणार आहे. माझ्या मते बंद गाडीच्या किमतीत निम्मा वाटा कागदांचा असतो. आरसी बुकावर आजोबांचे नाव, आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, वारस पाच, त्यांतले दोघे परदेशात. ही कहाणी घरोघरची आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालक वारल्यावर वाहन ज्याच्याकडे येते त्याने आरटीओला कळवायचे असते आणि नमुना ३१ भरून तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचे असते. ते राहून गेले असेल तर आता करा. उशिराचे शुल्क भरावे लागेल, ते भरा. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे, बाकीच्या वारसांची नोटरी केलेली संमती गोळा करा. गाडी एकाच्या नावावर आली की मगच विकायला काढा. वारसांपैकी एकाला व्यवहाराची खबर नव्हती म्हणून मोडलेले सौदे पाहिले आहेत, आणि त्यात भावाभावांचे बोलणे बंद झाले. गाडी वाटून घेता येत नाही, म्हणून पैसे कसे वाटायचे ते किंमत कळण्याआधीच एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आकडा समोर आल्यावर माणसे बदलतात.

आरसी बुक हरवले असेल तर पोलिसांत तक्रार आणि नमुना २६ वर दुसरी प्रत. रेकॉर्ड सापडत नाही असे सांगितले गेले तर जुना विम्याचा कागद, टॅक्स भरल्याच्या पावत्या, गाडी वापरात नाही असे कळवलेल्या पत्राची प्रत, यांतले काहीही उपयोगी पडते. कपाटातला एखादा फोटोही पुरावा असतो. बीएमवाय, एमआरबी, गोव्याकडे जीडीए, अशा जुन्या अक्षरांची नंबर प्लेट स्पष्ट दिसणारा, आई-बाबा गाडीत बसलेले आहेत असा फोटो गाडीच्या फाइलमध्ये लावा. असा माग असलेली गाडी आणि नुसतीच गाडी यांच्या भावात फरक पडतो.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, ते तुमच्या कामाचे आहेत. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी झालेली दुचाकी-चारचाकी त्यात येते. नव्याने नोंदणी होते तेव्हा नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधी नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. नियमांत नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठेवले होते आणि नोंदणी १० वर्षे चालते. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नसते. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर काढायची. ती विकताही येते, घेणारा आणि विकणारा दोघांनी ९० दिवसांत कळवायचे असते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. मघाशी अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनाबद्दल बोललो ते यासाठी. मूळ इंजिन नसेल तर ही वाट अडचणीची होऊ शकते, आणि घेणारा तेवढे पैसे कापतो.

कागद नकोतच, ‘जशी आहे तशी’ रोख घेतो, असे सांगणारा भेटेल. त्याला देऊ नका. कागदोपत्री मालक तुम्हीच राहता. विकून टाकलेल्या पण नाव न बदललेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारणे आयकर कायद्याला चालत नाही. दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे हातात घेणाऱ्या तुम्हाला होतो.

एवढे झाले की आकडा बाहेर काढा. हिशेबाने आलेल्या किमतीच्या थोडा वर, घासाघीस करायला जागा राहील इतकाच. पहिल्या दोन दिवसांत पाच-सहा जण न पाहताच टोकन देतो म्हणाले, तर तुमचा आकडा कमी आहे. कुणाचेही टोकन घेऊ नका, सगळ्यांना गाडी पाहायला बोलवा. दीड-दोन महिने लोक येऊन पाहून जात असतील आणि कुणीच आकडा बोलत नसेल, तर तो जास्त आहे. तो स्वतःहून खाली आणा, पावसाळा यायच्या आत.

दोन आकडे जवळजवळ सारखे आले तर कुणाला द्यायची, हा तुमचा हक्क आहे. हॉटेलच्या दारात शोभेला ठेवण्यासाठी, अर्धी कापून भिंतीला लावण्यासाठी गाडी मागणारे हल्ली पुष्कळ येतात. पैसे तेही देतात. पण कापलेली गाडी परत कधी रस्त्यावर येत नाही. जो बॉनेट उघडून पंधरा मिनिटे काही न बोलता पाहतो, लाकडावर बोट टेकवतो, इंजिन केव्हा शेवटचे चालले ते विचारतो, त्याच्याशी जरा जास्त वेळ बोला. त्याला सांगण्याजोगे तुमच्याकडे बरेच असते. शिसे असलेले पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले, आणि आता पंपावर मिळते त्यात २० टक्के इथेनॉल असते. गाडी शेवटची कधी चालली हे कळले, की आतले रबर, नळ्या आणि वॉल्व्ह यांचे काय करायचे ते त्याला ठरवता येते.

आणि घेणाऱ्यांनाही सांगायचे आहे, कारण हे तेही वाचत असतील. एकट्या राहणाऱ्या बाईंच्या दारात चौघे जाऊन ‘आजच्या आज उचलतो’ म्हणून दबाव आणणे हा व्यापार नाही. त्यांना हिशेब समजावून सांगा, मुलांशी बोलायला वेळ द्या, तुम्हाला काय काय दिसले ते बोला. योग्य भावाने घेतलेल्या गाडीबरोबर तिची माहिती, फोटो आणि आठवणीही मिळतात. ओरबाडून नेलेल्या गाडीबरोबर यातले काही येत नाही.

सौदा ठरला की इसारपावती लिहा: पूर्ण रक्कम, इसार किती, बाकी कधी, नाव बदलण्याचा खर्च कुणाचा. पैसे बँकेतून खात्यावर आल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. गाडी नेण्याच्या दिवशी पोचपावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, सोबत दिलेल्या प्रत्येक सुट्या भागाची यादी करा, खोक्यांसकट, आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीवर त्याची सही घ्या. साध्या नोंदणीची गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, त्यासाठी नमुना २९ लागतो. त्यावर तिथेच बसून सह्या करा. तो एजंटाच्या हाती सोडू नका, स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. घेणाऱ्याच्या नावाचे आरसी तयार झाले की त्याची प्रत मागून घ्या आणि मगच गाडीचा विमा व बाकीची फाइल बंद करा.